आम्हनं वावर, आम्हनी काडी

"आम्हनं वावर, आम्हनी काडी. तुम्हले काय?"

ग्रामसभेत हे वाक्य पडलं आणि अर्धी सभा हसली. उरलेल्या अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ठराव तिथेच झोपला.

ठराव तरी काय होता? बांध, काडीकचरा किंवा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या असतील तर आदल्या दिवशी चारी बाजूच्या शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला निरोप द्यावा. दुपारी काडी लावू नये. आग पुरती विझेपर्यंत लावणाऱ्याने जागा सोडू नये. न पाळणाऱ्याने दंड भरावा आणि शेजाऱ्याचं नुकसान भरून द्यावं. जाळूच नका, असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं. पण आबा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि बोलायला लागले. आबा गावातले जाणते शेतकरी, कपाशी आणि केळी दोन्हींत हात बसलेला माणूस. त्यांच्या मुद्द्यांना तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमलं नाही. मी सभेत अडखळतो, कागदावर कमी अडखळतो. आबा हे वाचतील आणि मला पारावर बोलावतील, हे धरूनच लिहितो आहे.

वावर तुमचं, कबूल. काडी तुमची, तेही कबूल. वारा कोणाच्या नावावर आहे?

तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि अंगणातली खाट उलटी करतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे, ती काही देखाव्यासाठी नाही. वीज पिकवण्याइतका वारा या मुलखात आहे असं मोजूनमापून तिथे कंपन्यांनी पैसा ओतला. आणि त्याच वाऱ्यात, पारा 44-45 वर असताना, आम्ही बांधाला काडी ओढतो आणि म्हणतो, आमच्या शेतापुरतं आहे. आगीला सातबारा वाचता येत नाही, आबा. ती गट नंबर बघून थांबत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. वीसेक वर्षांपूर्वी आबांचंच वाक्य माझ्या तोंडी होतं. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती. अखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष पालटतं, त्याआधी वावर मोकळं करून टाकायचं, ही घाई दर वर्षीचीच. पश्चिमेच्या बांधावर कुसळी गवत, घाणेरी आणि बोरीची खुरटी झुडपं वाळून कुरकुरीत झाली होती. दुपारचे दोन वाजले असतील. सालदार म्हणाला, "भाऊ, सकाळी लावू." मी काडी लावली आणि चहा प्यायला घरी आलो.

घर पाच मिनिटांवर. चहाला लागली असतील पंधरा मिनिटं. परतलो तेव्हा आगीने मधली चारी ओलांडली होती. चारी कोरडी होती, वर तिच्यात वाळलेला पाला साठला होता, म्हणजे आम्हीच आगीला पूल बांधून ठेवला होता. पलीकडे शेजाऱ्याच्या कडुनिंबाखाली ठिबकच्या नळ्यांची वेटोळी रचून ठेवलेली. नळी पेटल्यावर कशी जळते हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो. ती आधी लोंबते. मग तिच्यातून पेटलेले थेंब गळायला लागतात आणि प्रत्येक थेंब खाली येताना फुर्र असा बारीक आवाज करतो. शेकडो थेंब एकदम गळत होते. जवळ जाता येत नव्हतं, धुराने डोळे मिटत होते. नळ्यांच्या मागे कडब्याची गंजी होती. ती मी परतण्याआधीच गेली होती; किती वेळात, हे सांगायला मी तिथे नव्हतो.

संध्याकाळी बांधाच्या बुडाशी तितराचं घरटं सापडलं. अंडी तडकून पांढरी पडली होती, उकडल्यासारखी. आणि तो कडुनिंब. आग आली पश्चिमेकडून, पण साल जळाली पूर्वेकडची. वारा खोडाला वळसा घालून मागे जातो आणि तिथे ज्वाळा रेंगाळते, हे मला पुढे कळलं. झाड वाचलं. पूर्वेच्या अंगाला पुरुषभर उंचीची खोबण पडली, ती अजून आहे. तिच्यात आता मुंगळ्यांची वस्ती असते. शेजाऱ्याच्या नळ्या आम्ही भरून दिल्या. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेजारी दुसऱ्याच दिवशी बोलला, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा 'आम्हनी काडी' हे वाक्य मी हसून सोडून देऊ शकत नाही.

आबांचा दुसरा मुद्दा सभेत सगळ्यात जास्त पटला. वाडवडील जाळत आले, तुम्ही कोण नवे शहाणे? इथे मात्र आबांची स्मृती त्यांना फसवते आहे. वाडवडील काय जाळत होते? पऱ्हाट्या? पऱ्हाटी ही घरातली वस्तू होती. तिचे भारे बायका डोक्यावर वाहून आणत आणि वर्षभर चुलीत घालत. पऱ्हाट्यांचे कूड करून, वरून शेणमातीने लिंपून, त्यात माणसं राहत होती. आबांचं स्वतःचं जुनं घर अशा कुडाचं होतं. मी त्यात जेवलेलो आहे. कडबा गुरांचा, भुसा गुरांचा, केरकचरा उकिरड्याचा. शेतात पेटवायला उरायचं काय? वखराला न जुमानणारी हराळी आणि कुंदा. त्यांच्या मुळ्या वेचून, वावराच्या मधोमध ढीग करून, सकाळच्या पारी जाळायच्या. जाळणारा तिथेच उकिडवा बसून बिडी ओढायचा. वाडवडिलांची आग एवढीच होती आणि तिच्यापाशी माणूस होता.

बदललं ते आपल्या डोळ्यांदेखत. घरात गॅस आला. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाच्या चुलीलाही सिलिंडर मिळाला. त्यात वाईट काही नाही, धुराने डोळे गेलेल्या आयांना विचारा. पण पऱ्हाटीचं गिऱ्हाईक गेलं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गुरं कमी झाली, कडब्याची गरज आटली. घरं सिमेंटची झाली. एवढं सगळं उलटल्यावर शेतात काडीचा डोंगर उरायला लागला आणि त्याला आपण काडी लावायला लागलो. ही फार तर एका पिढीची सवय आहे. तिला परंपरेची पगडी घालू नका.

वाडवडिलांच्या आगीचं खरं उदाहरण हवं असेल तर होळी घ्या. गावाची सगळ्यात मोठी आग. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, सगळं गाव भोवती उभं. पाण्याचा तांब्या घेऊन धार धरत फिरणारी माणसं. घरांपासून, गंज्यांपासून लांब. होळी पेटवून कोणी चहा प्यायला गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरा मुद्दा राखेचा. राख म्हणजे खत, हे आबांनी इतक्या ठामपणे सांगितलं की शेजारच्या कृषी पदवीधर पोरानेही मान हलवली. त्या पोराचं मला जास्त वाईट वाटलं. राखेत पालाश असतं हे खरं. पण नत्र धुरात जातं, जवळपास सगळं. गंधकाचाही मोठा हिस्सा जातो. आणि जातो कर्ब, ज्याच्यासाठी आपण शेणखताच्या ट्रॉलीला दर वर्षी वाढता भाव मोजतो. वाळलेल्या टनभर काडीत 400 किलोच्या आसपास कर्ब असतो. मृद आरोग्य पत्रिका घरोघर आल्या आहेत. बहुतेकांनी त्या ट्रंकेत ठेवल्या, पण एकदा काढून सेंद्रिय कर्बाचा रकाना बघा. आपल्या उन्हात तो आपोआपच जळत असतो, त्यासाठी काडीपेटी लागत नाही. राहिलेलं पालाश राखेत असतं आणि राख पश्चिमेच्या वाऱ्यावर बसून शेजारच्या तालुक्यात जाते.

पण राखेच्या बाबतीत याहून मोठी गफलत आहे. आबांना आणि बऱ्याच जणांना कोकणातली राबभाजणी माहीत आहे. तिकडचा शेतकरी पालापाचोळा, शेण, गवत पसरून रोपवाटिकेची जमीन भाजतो. त्याच्या राबाबद्दलही दोन मतं आहेत, पण निदान त्याची जमीन जांभ्याची, आंबट. राख अल्कधर्मी, तिने आंबटपणा थोडा मोडतो. आपली काळी माती चुनखडीची, सामू बहुतेक ठिकाणी आठच्या वर. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात तर काही वावरं चोपणाकडे झुकलेली. ज्या जमिनीला आधीच खार चढतो आहे तिला आपण राख चारतो आणि वर तिला खत म्हणतो. ज्याला मिठाने बाधतं त्याला लोणचं वाढण्यातला हा प्रकार.

आता आबांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. त्याला मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. "शेंदरी बोंडअळी आली तेव्हा सरकारच म्हनत होतं ना, पऱ्हाट्या नष्ट करा? मंग नष्ट म्हनजे काय, पूजा करू?"

2017 चा खरीप कोणी विसरलेला नाही. बोंडं वरून टणक, फोडली तर आत कवडी आणि गुलाबी अळी. उभ्या कपाशीत लोकांनी रोटाव्हेटर फिरवले. तेव्हापासून कृषी खातं आणि विद्यापीठं एकच सांगत आहेत: डिसेंबरअखेर कपाशी संपवा, फरदड (म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन राखलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, किडकी बोंडं वेचून नष्ट करा, पऱ्हाट्यांच्या गंज्या बांधावर रचून ठेवू नका. कारण अळी न उमललेल्या बोंडात आणि मातीत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उठते. यासाठीच कपाशीचं बियाणं हंगामाच्या फार आधी विकू देत नाहीत.

आता आपण करतो काय? पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत फरदड. मग उपटणी. मग पऱ्हाट्यांची गंजी बांधावर, दोन महिने. आणि मे महिन्यात, पेरणीला वावर साफ दिसावं म्हणून, आग. अळीला फरदडीवर आणखी एक-दोन पिढ्या जेवू घातल्या, मातीत उतरायला सवड दिली, आणि मग रिकाम्या घराला आग लावली. ती आग अळीसाठी आहे असं आबा म्हणतात तेव्हा मला हसू येतं. अळीसाठीच जाळायचं असेल तर जानेवारीत जाळा, आबा. जानेवारीत पहाटे दव असतं, वारा पडलेला असतो, शेजारी गहू-हरभरा हिरवा उभा असतो, आग भलतीकडे जात नाही. त्या महिन्यात तुम्ही पाच-दहा पाट्या किडकी बोंडं खड्ड्यात घालून जाळलीत तर मी स्वतः रॉकेल आणून देईन. केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला तेव्हा रावेर-यावलकडे रोगट झाडं उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायला सांगितलं, तेही याच जातीचं काम. रोगासाठीची आग थोडी असते आणि वेळेवर असते. वैशाखातला बांधभर वणवा ही वेगळी गोष्ट आहे.

पऱ्हाटीच्या कुट्टीचं यंत्र हा दुसरा मार्ग. ट्रॅक्टरला जोडलं की ते उभी काडी भुगा करून जमिनीवर टाकतं, त्यात बोंडंही भरडली जातात. मग नांगरट. इथे आबांनी खर्च काढला आणि तो खोटा नाही. यंत्राचं भाडं, वर पाळीचं डिझेल. काडीपेटी दोन रुपयांची. या हिशेबात काडीपेटी नेहमीच जिंकणार. पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे. त्यात शेणखताची वाढती ट्रॉली धरा, बांधावरचा होरपळलेला आंबा धरा, आणि एखाद्या वर्षी शेजाऱ्याच्या नळ्या धरा. मी धरल्या आहेत, म्हणून सांगतो.

पऱ्हाटी विकत घेणारा कोणीतरी हवा, हेही आबांचं म्हणणं रास्त. मुंबईची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था 1924 पासूनची. तिने पऱ्हाटीपासून फळ्या, ब्रिकेट, पेलेट करून दाखवले त्यालाही बरीच वर्षं झाली. केंद्राच्या वीज मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये धोरण काढलं की औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात. पुढे ते सुधारून 2024-25 पासून 5 टक्के आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून 7 टक्के असं ठरलं. दीपनगरचं केंद्र भुसावळला आपल्या उशाशी आहे आणि पऱ्हाटी आपल्या पायथ्याशी. मधलं अंतर कागदावर तासाभराचं. पण पऱ्हाटी फुगीर असते, ट्रॉली भरते आणि वजन भरत नाही. गावात कुट्टी झाल्याशिवाय ती परवडत नाही. हे गणित शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून वर त्यालाच धुराचा गुन्हेगार ठरवणाऱ्यांशी माझंही जमत नाही.

आणि असे ठरवणारेही आहेत. शहरातून फोन येतो, तुमच्याकडे पंजाबसारखी सरसकट बंदी का नाही? बोलणारा गृहस्थ स्वतःच्या बंगल्यातला निंबाचा पाला दर रविवारी फाटकाबाहेर पेटवतो. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा सुधारायची म्हणून नावं आली त्यांत जळगाव आहे. आणि शहरातल्या उघड्या कचऱ्याच्या आगीबद्दल कायदा शेतापेक्षा जास्त स्पष्ट बोलतो. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात 5000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25000. बागेतला पाला आपल्या आवारात वेगळा साठवावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच होतं. पंजाबचं धान आणि आपली कपाशी यांत पीक, हंगाम, धुराची दिशा काहीच जुळत नाही. तिकडची बंदी उचलून इकडे चिकटवली तर एवढंच होईल की माणसं दिवसाऐवजी रात्री पेटवतील आणि पेटवून पळतील. आज निदान उघड पेटवतात.

गावात उलटी अफवा असते. उपग्रहातून दिसतं, पंधरा हजार दंड होतो, असा निरोप दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर फिरतो. आबांनी तो सभेत वाचून दाखवला आणि "बघा, गरिबाले लुटाचा धंदा" म्हणाले. तो आकडा खरा आहे, पण आपला नाही. 2015 मध्ये हरित लवादाने दिल्ली आणि शेजारच्या राज्यांसाठी तो ठरवला: दोन एकरांच्या आत 2500, पाच एकरांपर्यंत 5000, त्यावर 15000. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली परिसरासाठी तो दुप्पट झाला.

आपल्याला जो कायदा लागतो तो आबांनी वाचलेला नाही. वाचला असता तर माझ्या ठरावाला विरोध करायची गरज पडली नसती, कारण माझा ठराव त्याच्यापेक्षा मऊ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 287. आगीशी असा हलगर्जीपणा केला की माणसाचा जीव धोक्यात यावा, किंवा आपल्या ताब्यातल्या आगीचा पुरेसा बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण लावलेल्या आगीने दुसऱ्याचं पीक किंवा मालमत्ता जळण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही लावली, तर कलम 326 आणि सात वर्षांपर्यंत. सालदार "सकाळी लावू" म्हणाला होता, हे त्या दिवशी कोणी जबाबात लिहून घेतलं असतं तर मी कुठे बसलो असतो याचा विचार मी अधूनमधून करतो.

सातपुड्याच्या अंगाला गेलं की कायदा आणखी कडक होतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या वरच्या गावांत वावराचा बांध आणि जंगलाची हद्द एकच असते. यावल अभयारण्य 1969 पासूनचं, शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य. वन्यजीव कायद्याचं कलम 30 सांगतं की अभयारण्याला धोका होईल अशी आग लावू नये, पेटवू नये आणि पेटती सोडू नये. 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 राखीव जंगलाबद्दल हेच म्हणतं, तिथेही 'पेटती सोडणे' हा शब्द आहेच. आगीपेक्षा तिला सोडून जाणाऱ्यावर त्यांचा डोळा आहे. इंग्रजाच्या काळातला वन कायदा मला एरवी फारसा आवडत नाही, आदिवासीला त्याने काय दिलं ते जगजाहीर आहे. पण या एका शब्दापुरता तो माझ्या सालदाराइतका शहाणा आहे.

डोंगरातल्या आगीचं नाव निघालं की मोह वेचणाऱ्या पावरा आदिवासी बाईकडे बोट दाखवायची आपल्याकडे रीत आहे. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला ती पेटवते, कधी आग निसटते, हे खरंच आहे. वन खातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आधी स्वतःच पट्टा जाळून पुढच्या आगीची वाट तोडतं. ते काम माणसं उभी करून, वारा बघून होतं. त्या बाईला झाडाखालचा पाला झाडून बाजूला करायला एक झाडू आणि एक सोबतीण मिळाली तर ती काडी लावणार नाही. आपल्याला तर ट्रॅक्टर आहे.

शेवटी आबांनी विचारलं ते खरं अवघड होतं. "नियम करशीन, पन पहारा कोन देईन? पोलीस?"

पोलिसाचं काम नाहीच हे. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, पाट, आणि कोणत्या फडाला कधी पाणी हे गाव ठरवणार. त्यासाठी पाटकरी होते, हवालदार होता, जागल्या होता. त्यांना मोबदला धान्यात. पाणी चोरणाऱ्याला गावच धरायचं. पाणी जितकं वाहतं तितकीच आगही वाहते, आणि आपल्याकडच्या माणसाला वाहत्या गोष्टीवर पहारा कसा ठेवायचा हे शिकवायची गरज पडू नये. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर आजचंच आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, दंड गावानेच ठरवला आणि गावानेच वसूल केला. आज तिथे 400 हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे आणि 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. त्या पाड्याकडे आपल्याइतके ट्रॅक्टर नव्हते, आपल्याइतकी केळीही नव्हती.

ठरावात मी आणखी काय पाळायला सांगितलं होतं तेही सांगतो, कारण सभेत हशात ते बुडालं. ढिगाभोवती नांगराचे दोन-तीन तास मारून काळी माती उघडी करा. विजेच्या तारांखाली नको, गंजीजवळ नको, झाडाच्या बुडाशी नको. नळी, मल्चिंगचा कागद, खताची पोती ढिगातून उचला. भंगारवाला ती किलोवर घेतो, आगीत घातली तर तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. सकाळी, वारा पडलेला असताना, ढीग लहान ठेवून लावा. बांधाला लावायचीच असेल तर वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून लावा, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सरपटत हळू येते. फवारणीचा पंप पाण्याने भरून जवळ, औषध धुऊन काढलेला. दोन माणसं. आणि विझल्यावर राख फावड्याने उलथून, पाणी मारून, तिच्यावर हाताची पालथी बाजू धरा. ऊब लागली तर बसून राहा. अग्निशमनची गाडी तालुक्याहून निघून आपल्या गावच्या रस्त्याने येईपर्यंत काय उरतं ते आपण दोनदा पाहिलं आहे.

पहाऱ्याचं म्हणाल, आबा, तर पहिलं वर्ष मी देतो. पंप माझा, डिझेल माझं, सोबत सालदार आणतो. तोच, आता त्याचीही दाढी पिकली आहे. तुमच्या बांधापासूनच सुरुवात करू. तुम्ही फक्त आदल्या दिवशी निरोप द्या आणि दुपारची वेळ सांगू नका.